ङ अक्षराचा पक्षी

मुळाक्षरांच्या तक्त्यावर
ङ च्या चौकोनात चित्र नसायचं.
कमळ, खटारा, गणपती, घर,
आणि मग नुसती पांढरी जागा.

आता चाळिशी उलटल्यावर,
सप्टेंबरात वसंत सुरू होणाऱ्या या देशात
रोइमाता माझ्या हातात दुर्बीण देते.
"तो बघ, ङुतुपारोरे."

मला गोटे दिसतात.
सैल वेणीतून बटा सुटाव्यात तशी
दहा ठिकाणी वाहणारी नदी दिसते.
"गोट्यांतच बघ," ती म्हणते.
बघते.
एक गोटा चालायला लागतो.

राखी पाठ, छातीवर काळी रेघ,
आणि चोच टोकाशी उजवीकडे मुरडलेली.
सगळ्यांची उजवीकडेच.
दगडाच्या पोटाखाली घालायची, किडे काढायचे.
अंडी दोन. नदीनंच घासून ठेवल्यासारखी.
पाय उचलला की खाली ठेवायची भीती वाटते.

पण आम्ही आलोय ते ल्युपिन उपटायला.
अजून कळ्याच आहेत.
एकदा का जांभळा फुलला की हात धजत नाही,
म्हणून आत्ताच, म्हणतो डगल्ड.
परदेशची झाडं ही. मुळांनी वाळू धरतात,
उघडे गोटे झाकतात,
आणि त्यांच्या आडोशानं मांजरं येतात, स्टोट येतात
घरट्यापर्यंत.

डगल्ड चौऱ्याहत्तरचा. गुडघ्यांखाली मेंढीचं कातडं.
बहिणीच्या लग्नात कुंपण सुनं दिसू नये
म्हणून त्याच्या आईनं बिस्किटाच्या डब्यातून
बिया पेरल्या होत्या, वर, रस्त्याकडेला.
तिथून पाण्याबरोबर इथवर.
"आई रागावली असती," तो एकदाच म्हणाला.
मग थोडं थांबून,
"पण तिला मूळ अर्धवट तोडलेलंही चालायचं नाही."
आणि पूर्ण उपटलं.

गुरुवारी वायव्येचा वारा सुटला.
डोंगरात पाऊस, वरचं बर्फ वितळलेलं,
नदीनं रात्रीत वेणी नव्यानं घातली.
शनिवारी रोइमातानं वहीत
घरटं सात, अंडी: शून्य, लिहिलं
आणि टोपण लावलं पेनाला.
कोणी काही बोललं नाही.
थर्मासमधला चहा तेवढा सगळ्यांनी संपवला.

सव्वीस दिवसांनी, मागच्या जागेपासून
चार पावलं वर,
आम्ही साफ केलेल्या उघड्या गोट्यांवर
ती मादी छातीनं खळगा करत होती.
आमच्याकडे बघितलंही नाही.
का बघावं?

घरी धाकटीच्या तक्त्यावर
मी ङ च्या चौकोनात पेन्सिलीनं
एक राखी, वाटोळं काहीतरी काढलं.
"हा तर दगड आहे," ती म्हणाली.
म्हटलं, बघत राहा.
हलेल.