सदतीसवरची रेघ

बोटाच्या पेराएवढी कुपी. शंभर मायक्रोलिटर.
लेबलवर लिहिलंय : सशापासून. उणे वीस अंशांत ठेवा.
ससा कुठल्या देशातला, ते नाही लिहिलेलं.
टोचलं असेल त्याला साखर मोडणाऱ्या एन्झाइमाचं एखादं टोक,
आणि त्याच्या रक्तानं ते पाठ केलं,
आपण एखाद्या माणसाचं
नुसतं नाक लक्षात ठेवावं तसं.

ते पाठांतर आता ताळगावच्या पठारावर, आमच्या फ्रीजरात.
शेजारच्या फ्रीजमध्ये, 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत' या पाटीमागे,
एफिजेनियाबायचा पेरादाचा डबा.

मला खरं तर दुसरंच प्रथिन हवं होतं.
हे फक्त साक्षीला :
सहाही रांगांत माल सारखा ओतलाय ना,
एवढंच सांगायला.
घरकाम करणारं म्हणतात याला.
प्रत्येक पेशीत असतं, रोज असतं,
शोधनिबंधात तळाशी एक कापलेली पट्टी,
जिच्याकडे कोणी बघत नाही.

तीन तिसऱ्या आगशीच्या.
तीन चिखलीच्या, बार्जी नांगरतात तिथल्या गाळातल्या.
पडदा दुधात भिजवला, पावडरच्या, तासभर.
मग ससा, पाच हजारांत एक.
मग बोकडाचं प्रतिपिंड, जे फक्त सशाला ओळखतं.
रात्री साडेदहाला काळोख्या खोलीत
सदतीसवर सहा रेघा उमटल्या.
समुद्र न पाहिलेल्या सशानं
तिसरी ओळखली.

पण आगशीच्या रेघा बारीक,
आणि चिखलीच्या
काजळाचं बोट ओढावं तशा.

"माल जास्त ओतलास," कुंकळ्येकर मॅडम म्हणाल्या.
पुन्हा मोजला. पुन्हा ओतला. तीनदा.
बोट तसंच.

म्हणजे साक्षीदारच हललाय.
शिंपला घट्ट मिटून, प्राणवायूवाचून,
चिखलात ती साखर मोडत बसली असेल,
घरकाम दुप्पट, तिप्पट,
बाहेरून काहीच न दिसता.
असेल. मला एवढंच म्हणता येतं.

एफिजेनियाबाय मागं उभी राहून बघत होती.
दर बुधवारी ती चिखलीच्याच बाईकडून वाटा घेते.
"मगो, त्यो खावच्यो काय ना?"

ससा ते सांगत नाही, बाय.

वहीत लिहिलं : हा साक्षीदार चालणार नाही, दुसरा शोधणे.
मग ती ओळ खोडली नाही, पण खाली
नवी तारीख घालून लिहिलं : चिखली, आणखी बारा नमुने.
कुपी उणे वीसमध्ये परत.
ऐंशी उरलेत.