खिसा

चाळीस वर्षं मी माणसं झाकत आलो.
पेडण्याच्या बाजारात, केळीवाल्यांच्या मागे,
एक मशीन, एक पंखा,
काजाला बसणारा एक पोरगा.

मांद्र्याहून एडविज बाय आली, म्हणाली,
पंचे हवेत. दीडशे.
रुंद, जाड, कोपऱ्याला अडकवायला नाडी.
हॉटेल का? म्हणाली, हॉटेलच,
पण तिथे कपडे घालायचे की नाही
हे ज्याचं त्यानं ठरवायचं.
माझी कात्री थांबली.
तिने आगाऊ पैसे मोजले, कात्री चालू लागली.

माल पोचवायला गेलो त्या दिवशी
चिऱ्याच्या उंच कुंपणाआड
तिने चालता चालता रीत सांगितली,
नव्या जावयाला पंगतीची सांगावी तशी:
आधी पंचा, मग आपण. खुर्चीला अंग लावायचं नाही.
फोन फाटकापाशी, लाकडी खणात.
बोलताना नजर डोळ्यांत.
आणि कुणी कपड्यात असलं
तर का म्हणून विचारायचं नाही.
मग माझ्याकडे बघून, "तुमकां शर्ट काढपाची गरज ना."
मी काढणार नव्हतोच.

शिंप्याची नजर वाईट नसते, सवयीची असते.
माणूस दिसला की खांदा साडेसतरा,
डावा अर्धा इंच उतरता,
पोटाला दोन बोटं जास्त सोडायची.
टेप गळ्यात तसाच राहिला होता,
त्याची मला लाज वाटायला लागली.
म्हणून मान खाली घातली. खाली पावलं.
पावलांचं माप चांभाराकडे, माझ्याकडे नाही.
एका बाईने सगळं खोलीत ठेवलं होतं,
जोडवी ठेवली नव्हती.

"मास्तर, जरा इकडे."
काजूच्या सावलीत हुक्केरी, बेळगावचे,
मोजणी खात्यातून निवृत्त.
छातीवर मधोमध उभी शिवण,
एकवीस टाके, सरळ,
घालणाऱ्याचा हात चांगला होता.
म्हणाले, "इथे वारा आहे, माणसं बरी आहेत,
पण खिसा नाही हो.
चश्मा कुठे ठेवू?
दोनदा त्याच्यावरच बसलो."

ते हसले, मी हसलो,
आणि मग लक्षात आलं
की केव्हापासून मी त्यांच्या डोळ्यांतच बघतोय.

सुई माझ्या कॉलरला असतेच. कापड नव्हतं.
मी माझ्या शर्टाचा खिसा उसवला,
निळ्या चौकड्यांचा,
आणि त्यांच्या पंच्याला टाचला, दुहेरी दोऱ्याने.
तेवढा वेळ पंचा माझ्या हातात,
म्हणून ते उभेच राहिले,
समोर रिकामी खुर्ची असून.
नियम म्हणजे नियम.
चश्मा आत सरकवला, वरून थोपटला.

घरी रत्नप्रभेने बघितलं.
शर्ट सगळा विटलेला,
फक्त खिशाच्या जागी चौकोनभर कापड
दुकानातून आणल्यासारखं.
"खिसा कुठे गेला?"
एका माणसाला दिला.
"त्याच्याकडे नव्हता?"
त्याच्या अंगावर काहीच नव्हतं, मी म्हणालो,
आणि खोटं नव्हतं ते.

"अरे देवा," एवढंच म्हणाली.
सकाळी बघतो तर
माझे जुने तीन शर्ट,
इस्त्री करून, बटणं तपासून,
पिशवीत घालून खुंटीला लावलेले.
परवा पुन्हा विचारत होती,
नेऊन दिलेस का.