हातभर सरकून

बापाने सत्त्याऐंशी साली सिमेंट ओतलं होतं.
एकेक खड्डा कंबरेइतका, पहारीने खणलेला.
ओरेस्त ह्नातिउकचं कुंपण म्हणजे
सस्कॅचवानच्या त्या अख्ख्या रस्त्यावर
एक डोळा मिटून बघावं असं सरळ.

मग हिवाळे आले.
भुईतलं पाणी गोठलं, फुगलं,
आणि दरसाल बोटभर
सिमेंटचे गड्डे वर ढकलत राहिलं,
दुधाचे दात हलावेत तसे.
मी सातवीत होते तेव्हा पहिला खांब कलला.
बाप म्हणाला, खड्डा उथळ पडला असेल.
खड्डा उथळ नव्हता.

आता माझ्या हातात ही नळी आहे,
एका तोंडाने बंद, बाजूंना दोन मुठी,
बारा किलो.
लोखंडी खांबाच्या डोक्यावर टोपीसारखी चढवायची,
उचलायची,
सोडायची.
दाबायचं नाही. वजनाला त्याचं काम ठाऊक असतं,
असं शेजारचा क्लेमाँ डेलोर्म सांगतो,
ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांची कुरणं कुंपणात घातली
आणि स्वतःच्या घराला फाटक लावलं नाही.

तोच म्हणाला, खणलेली माती उसवलेल्या शिवणीसारखी.
पुन्हा भर, पाणी घाल, तुडव,
ती आधीसारखी धरत नाही.
जिला हात लावला नाही ती चारी अंगांनी आवळते.
हे तो माझ्याशी बोलत होता
पण आवाज गाडीपर्यंत जाईल इतका मोठा ठेवून.

गाडीत बाप.
काच अर्धी खाली, नाकात ऑक्सिजनची नळी,
मांडीवर थर्मास.
पाया नाही तर टिकणार कसं, एवढं सकाळी एकदा म्हणाला.
तेव्हापासून नुसतं मोजतोय:
ओदीन, द्वा, त्री...

पहिल्या ठोक्यांना खांब पोकळ वाजतो,
घंटेसारखा, लांबवर,
कुरणातल्या काळ्या गाई माना वर करतात.
फूटभर उतरला की आवाज जाड होतो.
शेवटी शेवटी लोखंड वाजतच नाही,
भुई वाजते.
एका खांबाला एकतीस ठोके, सरासरी.
माझे खांदे रात्री वेगळा हिशेब देतात.

एकेचाळिसाव्या खांबाला
नवव्या ठोक्यालाच झिणझिण्या कोपरापर्यंत आल्या.
दगड असेल, क्लेमाँ म्हणाला,
इथे गव्हाआधी दगड पिकतात.

गाडीचं दार उघडलं.
बापाने नळी कानांवरून काढली, आरशाला अडकवली,
आणि काठी टेकत, गवत चाचपत आला.
खांबाला तळवा लावला,
ताप बघावा तसा.
मार, म्हणाला.
मारलं.
अजून एक.

हा माझा आहे.

कोणीच काही बोललो नाही.
सव्विसावा, तो म्हणाला,
त्या दिवशी माल उरला होता,
फुकट कशाला घालवायचा, म्हणून दुप्पट ओतला.
वरचं लाकूड कुजून गेलं असेल.
पण हा बघ,
हा एकटा खाली राहिला.

दम लागला होता, तरी हसत होता,
तिरका, एका गालाने,
पत्त्यांत जिंकल्यावर हसायचा तसा.
क्लेमाँने टोपी काढली, डोकं खाजवलं,
पुन्हा घातली. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

हातभर सरक, लारीसा, बाप म्हणाला. त्याला राहू दे.

तेवढी सरकले.
दोरी सरळच राहिली,
फक्त एक अंतर सोळा फुटांचं साडेसतरा झालं
आणि त्याच्या पुढचं तेवढंच कमी.
तारेला कळणार नाही,
गाईंना कळणार नाही,
मला मात्र इथून जाताना दरवेळी
पाऊल थोडं लांब टाकावं लागेल.

बाप परत गाडीत बसला,
काच पुरती खाली घेतली.
मी नळी चढवली. उचलली. सोडली.
एकतिसाव्या ठोक्याला थांबले,
घाम पुसला.

अजून एक, तो म्हणाला.