मळी

बुधवारी संध्याकाळी वचनाच्या वर्गाला आम्ही सहाजण.
बाहेर कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर,
दर ट्रॉलीला खिडकीची काच थरथरते.
मी वाचतो शेवटाकडचं ते छोटं पत्र,
एका बैठकीत संपेल एवढं,
खोट्या शिक्षकांवर रागानं लिहिलेलं,
आणि तरी किती आभाळ त्यात, किती झाडं, किती पाणी.

मी वहीत टिपणं काढून आणलेली.
बिनपाण्याचे ढग म्हणजे, मी सुरू केलं,
तर मार्थाबाई आवळे म्हणाल्या,
ढग म्हणजे ढगच की, सर.
माझं माहेर जतकडचं.
गगनबावड्यात सगळं सांडून तिकडं येत्यात ते,
पोट मात्र भरल्यागत दिसतंय.
आई अंगणात भांडी मांडायची, घागर, परात, काठवट सुद्धा.
सावली यायची भांड्यांवरनं, जायची.
वाईट ते न्हवं.
वाईट म्हंजे, भांडी परत आत न्यायची असत्यात.

निष्फळ झाड, दोनदा मेलेलं.
यावर नथानेल भोरे बोलला, तो काट्यावर असतो:
तुरा आलेला ऊस आणतात लोक.
लांबनं बघाल तर लग्नाचं वऱ्हाड.
वजनाला लावला की कळतं, आत नुसती दशी.
खोडवा राखावा, तर तोही जळतो,
मग बुडखेच उपटायचे.

नाव कुणी घेतलं नाही.
सगळ्यांना आठवत होता तो मांडव,
चार संध्याकाळ, पांढरे बूट, पेटीतल्या पाटल्या.
त्याचं हिंदी मी मराठीत करीत होतो,
आणि माझं मराठी त्याच्या हिंदीपेक्षा गोड होतं.
गोळ्या सोडा, तो म्हणाला. विश्वास धरा.
सोडा, म्हणालो मी.
पहिल्या रांगेत दावीद आवळे बसलेला,
नावाजलेला गुळव्या, अंगात साखर.
त्यानं सोडल्या.
एप्रिलमध्ये त्याला आम्ही माती दिली.

पुढची ओळ समुद्राची.
लाटा आपलीच लाज फेसासारखी वर काढतात.
समुद्र आमच्यात एकट्या नथानेलनं पाहिलेला,
गणपतीपुळ्याला, तोही ओहोटीचा.
फेस मला ठाऊक हाय, मार्थाबाई म्हणाल्या.
काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी सोडायचं,
मग मळी वर येती, काळी, हिरवी.
आमचं हे झाऱ्यानं ओढायचे.
म्हणायचे, गार रसाकडं बघून काय कळतंय?
त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.
पाहायला हवं होतं.

भटक्या ताऱ्यांची ओळ मी भराभर वाचली,
काळोख राखून ठेवलाय ज्यांच्यासाठी.
मार्थाबाई पदराचा काठ मोजत होत्या.
त्यांचा येशुदास त्या माणसाची गाडी चालवतो.
शेवटचा फोन विजयवाड्याहून,
दिवाळीच्या आधी.

मी पुस्तक मिटलं.
प्रार्थना करू या, म्हणालो.
झालं? पुढचं वाचा की, सर.
पुढं काय?
पुढं जाळातनं ओढून काढायचं हाय.
मला वाचता येत न्हाई, पर ऐकलंय मी.
पान उलटलं. होतं तिथं.
इतकी वर्षं शिकवतोय, मी नेहमी ताऱ्यांपाशीच थांबलेलो.

त्यांनी बाही वर सारली.
कोपरापासून मनगटापर्यंत कातडी,
वाफ्यात थिजलेल्या गुळासारखी चकचकीत.
चुलवाणाच्या तोंडाशी गेलतं पोरगं, चार वर्षांचं,
चिपाडाच्या ढिगावरनं घसरत.
त्या वक्ताला विचारत बसायचं नसतंय, सर,
कुणाची चूक, किती चूक.

मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघून,
तुमी बी वाचा, म्हणाल्या, मोठ्यानं.

ट्रॅक्टर गेला. काच थांबली.
मी वाचू लागलो,
आवाज बारीक,
गोड न करता.