देठ

कवठेमहांकाळच्या पुढं, बेदाण्याच्या शेडवर
प्रश्नावली घेऊन गेले होते मी.
मनं मोजायची नव्हती, ते काम नंतरच्यांचं.
मला फक्त वाक्यं मोजायची होती:
शब्द किती, जोडाक्षरं किती,
आणि वाचणारीचं बोट जिथं अडेल
तिथं समासात पेन्सिलीची एक रेघ.

हौसाक्का ऐवळे. सातवी पास. वय विचारलं तर हसली.
पुढ्यात जाळी, जाळीवर हिरवट माल,
देठ इकडं, काळा मणी तिकडं.
हात पुसून कागद घेतला, तरी
तो बोटांना चिकटलाच.

"गत पंधरवड्यात आपल्या निद्रेच्या स्वरूपात
प्रतिकूल परिवर्तन आढळले काय?"
नि-द्रे-च्या. रेघ.
प्र-ति. रेघ.
"झोप लागती का, असंच न्हवं?"
हो.
"मग तसं लिवायला शाई कमी पडली व्हय?"

खाली पर्याय: कदापि नाही, क्वचित, बहुतांशी.
क्वचित म्हंजी किती?
आठवड्यातून एखादवेळ, मी म्हणाले.
"म्हंजी बाजारासारखं."
मी ते वहीत उतरवून घेतलं.
आमच्या विभागात चार महिने बैठका झाल्या,
बाजार कुणालाच सुचला नव्हता.

सहावा तर आम्हीच गुंतवून ठेवलेला:
"आपण निरुपयोगी नाही, असे आपणांस वाटत नाही का?"
ती हो म्हणाली. मग नाही म्हणाली.
दोन्ही बरोबर होतं, दोन्ही चूक.
शेजारून कस्तुरा म्हणाली,
"दादल्यानं लिवलाय ह्यो, पैज लाव."
शेडभर हसू.

अकरावा,
"अस्तित्व संपुष्टात" पासून सुरू होणारा,
आमच्या सूत्रानं पदवीधरालाच झेपेल असा,
तो तिनं एका दमात वाचला.
बोट कुठंच थांबलं नाही.
मग पुन्हा वाचला, ओठ न हलवता.
जाळीवरचा दुसरा हात मात्र थांबला होता.

हा सोपा करू का, मी विचारलं.
"नगं." आवाज इतका खाली की मी वाकले.
"ह्यो असाच ऱ्हाऊ दे.
सोपा केला तर हितं समद्यांस्नीच वाचता यील."
आणि कागद गुडघ्याआड धरून खूण केली.
कुठल्या चौकटीत, ते मी सांगणार नाही.

माझ्या तक्त्यात अकराव्यापुढं एकही रेघ नाही.
नियमानं त्याचा अर्थ: आकलनास सुलभ.
तो शेरा मी अजून लिहिलेला नाही.

त्या दिवशी खोक्याचा पुठ्ठा फाडून
मिरजेच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहिला,
दहा आकडे, मोठे, एकही जोडाक्षर नाही.
तिनं तो वाचला नाही, कनवटीला लावला.
उद्या मी येते परत, म्हणाले. उगीचच म्हणाले,
माझं काम तर संपलं होतं.
हात पुन्हा चालू झाले. देठ. मणी. देठ.
बऱ्याच वेळानं, वर न बघता:
"सातला उघडती शेड."