खिळे

बड्या बातम्या लायनोवर जायच्या.
माझ्या वाट्याला हाताची केस, सहा पॉइंटाचे खिळे
आणि रविवारी रात्री तारेने उतरणारे
विलायती फुटबॉलचे आकडे.
इंग्रजी मला अजून तशीच येते,
डोकं खाली, पाय वर, आरशातली.

कॉर्पोरल हॅल्सॉल कुलाब्याच्या छावणीत
बोटीची वाट बघत बसलेला,
लढाई संपून वर्ष झालं तरी.
प्रेसच्या मागल्या दाराशी यायचा
बुटांचे खिळे फरशीवर वाजवत.
"रॉथशॉ टाउन?"
एवढंच.
सात वर्षं लीग बंद होती त्यांची.
एकोणचाळीसला तीन सामने झाले नि लढाई लागली.
आता वेळापत्रक तेच काढलंय, तो म्हणाला,
तोच क्रम, तीच मैदानं.
उजव्या बगलेचा पोरगा तेवढा टोब्रुकला राहिला,
आणि गोलकीपर कोहिमाला.
बशीतल्या चहावर फुंकर मारायची
विसरून गेला होता.

ऑगस्टच्या अखेरीस बोट लागली.
"पहिला सामना शनिवारी. मी समुद्रात.
माझ्याआधी तुलाच कळणार की रे."

शनिवारी तिकडे शिट्टी झाली.
रविवारी इकडे
भेंडीबाजार ते गोलपिठा सुरे निघाले.
मी कर्फ्यूचा पास खिशात घालून आलो
आणि जुळवलं: रॉथशॉ शून्य, पाहुणे चार.
मदनपुऱ्याचा यासीन मशीनमन
अकरा दिवस आला नाही.
बाराव्या दिवशी आला. डावा हात फडक्यात.
कुणी काही विचारलं नाही.
त्याने उजव्या हाताने पट्टा चढवला.

एकदा सुट्टीच्या दिवशी कुपरेजला गेलो,
कुंपणाबाहेर उभा राहिलो.
एका बाजूला बूट, एका बाजूला अनवाणी पोरं.
एकाची नडगी सोलली.
गुडघ्याखाली खिळ्यांचे ठिपके ओळीने उमटलेले,
ताजे, नीट जुळवलेले.
पोरगं थुंकी लावून परत पळालं.

मग तिकडे बर्फ पडू लागला.
बर्फ मला ससून डॉकचा ठाऊक,
पापलेटांच्या पाटीतला, भुसा चिकटलेला.
ह्या बर्फाच्या तारा यायच्या:
पोस्टपोन्ड. पोस्टपोन्ड. पोस्टपोन्ड.
केसमधले 'पी' संपले.
कायतान फोरमन म्हणाला, 'डी' उलटा लाव,
सहा पॉइंटात कोण बघतंय.
लावला.
खरंच कुणी बघितलं नाही.
फेब्रुवारीत एका रात्री
साहेब देश सोडून जाणार, अशी तार आली.
ती लायनोवर गेली.
सगळे तिकडे धावले. मी पण उठलो होतो,
पण ओळ अर्धी होती, आणि आता 'डी'ही संपत आलेले.

गोठलेले सामने ढकलत ढकलत जूनपर्यंत गेले.
रॉथशॉ टाउन, बाविसांत एकविसावी.
शेवटचा तक्ता छापून झाला, फॉर्म सुटला,
खिळे रॉकेलने धुतले
आणि केसमध्ये सोडायला बसलो,
'ए' 'ए'च्या खणात, 'बी' 'बी'च्या.
एक ओळ तेवढी सोडली नाही.
सुतळीने बांधली.
यासीनने विचारलं, काय ठेवतोयस?
म्हटलं, काही नाही. शिसं.

हॅल्सॉलचं पत्र आलं नाही.
यावं असं काही ठरलंही नव्हतं.
त्याला नऊ महिने दर सोमवारी
मी मनातल्या मनात निकाल सांगत होतो,
चांगला असला तर जरा मोठ्याने.

परवा ट्रंकेच्या तळाशी ती ओळ सापडली.
सुतळी कुजलीय, खिळे मात्र जागचे हलले नाहीत.
बोट फिरवून वाचली, उलटीच:
जिंकले आठ,
बरोबरी दहा,
हरले चोवीस.
मग मागे येऊन पहिला आकडा पुन्हा चाचपला.
खेळले,
बेचाळीस.