सतरावी पायरी

भाडं कमी म्हणून नोटरीसाहेबांनी ही जागा घेतली,
पहिल्या दिवशी मला एवढंच सांगण्यात आलं.
कमी का, ते नेल्दाने सांगितलं, दुपारच्या चहाला,
पावावर अवोकाडो चोपडता चोपडता,
इथला नळ गळतो हं, असं सांगावं तसं.

सांतियागोतली ही गल्ली तशी शांत, दुतर्फा चिनार.
आमच्या दारावर एकोणपन्नास,
जुन्या नकाशावर सत्तेचाळीस.
लष्कराच्या राज्यात कुणीतरी रातोरात पाटी बदलली,
म्हणजे मुलाला शोधत आलेल्या बाईला सांगता यावं,
सत्तेचाळीस नंबरचं घर या गल्लीत नाहीच.
पोस्टमन अजून चुकतो.

माझं काम नकला ताडून बघण्याचं.
मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे,
बोट ओळीवरून ओळीवर, स्वल्पविरामासकट,
मग शिक्का : अस्सल बरहुकूम खरी नक्कल.
दिवसातून दोनशे वेळा मी शपथेवर सांगते
की हे ते आहे.

माझं टेबल आहे तिथे पूर्वी काय होतं
ते मी विचारलं नाही.
हिवाळ्यात रॉकेलची शेगडी पेटवतो, पाय उबेला धरतो,
कुणाचा वाढदिवस असला की केक.
खोटं कशाला सांगू, भूक लागते इथे,
साडेतीनला हमखास डुलकी येते.
बाहेरचे विचारतात, आवाज येतात का गं?
येतात. झेरॉक्स मशीनचे.
त्यांचे चेहरे पडतात.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी तो म्हातारा आला.
एवारिस्तो. आडनावही सांगितलं, ते इथे लिहीत नाही.
पेन्शनच्या कागदाची नक्कल हवी होती,
निदान म्हणाला तरी तसं.
जिन्याखाली टोपी काढली, डोळे मिटले
आणि कठड्याला हात न लावता चढू लागला.
ओठ हलत होते.
वर पोचून डोळे उघडले. म्हणाला, सोळा?
सोळाच की, मी म्हटलं, रोज चढते.
सतरा, तो म्हणाला.
भांडणाचा सूर नव्हता,
वाण्याने मोड कमी दिली तर सांगावं तसं.
डोळ्यांना पट्टी होती, बाई.
मोजण्यावाचून दुसरं होतं काय करायला?
बेचाळीस दिवस. चढताना सतरा, उतरताना सतरा.

कोर्टातही त्याने हेच सांगितलं होतं.
न्यायाधीशाने माणूस पाठवून पायऱ्या मोजून घेतल्या,
सोळा भरल्या.
म्हणजे घर हे नव्हे.
निकाल चार ओळींचा होता, त्याला पाठ होता.

मी शिक्का मारला, पैसे घेतले.
सुटे नव्हते, आणायला निघाले तर म्हणाला, राहू दे,
आणि उघड्या डोळ्यांनी, कठडा घट्ट धरून उतरला.

आमचे बांधीव खंड साहेबांच्या आधीच्या साहेबांपासूनचे,
जागा बदलली तेव्हा ट्रकभर आले, तळघरात पडलेत.
तीन संध्याकाळी गेल्या.
साल अठ्ठ्याहत्तर, एका गवंड्याशी करार :
तळमजल्यास ओल येते सबब
जमीन वीतभर उचलून नवी फरशी बसविणे.
खाली दोन सह्या, आणि शिक्का,
हाच, माझ्या हातातला, याच लाकडी मुठीचा.

मूळ डावीकडे ठेवलं, नक्कल उजवीकडे.
इतक्या हळू मी कुठलाच कागद ताडला नव्हता.
पत्ता पेन्शनच्या कागदावर होता.
नेल्दा म्हणाली, नोकरी जाईल तुझी.
नोकरीच करतेय, मी म्हटलं,
आणि पाकिटाला थुंकी लावली.

त्याला महिना झाला. उत्तर नाही.
पोस्टमनच चुकला असेल.
सहाला दिवे मालवून मी उतरते,
मोजायचं नाही असं ठरवून,
तरी सोळानंतर पाय
आणखी वीतभर खाली जायला निघतो
आणि फरशी मधेच येते,
दातावर दात आपटतात.